हिमवृष्टीच्या दिवशी घरून काम : शांततेचे तास कसे वापरावेत

बॉस्टन आणि त्याच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत राहणाऱ्यांच्या वाट्याला डिसेंबर ते मार्च या काळात काही दिवस हमखास असे येतात, की आदल्या संध्याकाळीच कार्यालयातून घरून काम करण्याचा निरोप येतो, रात्री किंवा भल्या पहाटे शाळा बंद असल्याचा संदेश फोनवर येतो आणि सकाळी पाहावे तर रस्ता कुठे संपतो आणि अंगण कुठे सुरू होते हेही ओळखू येत नाही. अशा दिवशी दोन प्रकारची माणसे दिसतात. काहीजण दुपारपर्यंत खिडकीशी रमतात आणि मग तुंबलेले काम रात्री अकरापर्यंत उपसत बसतात. उरलेले एकामागून एक बैठकांना बसून राहतात आणि बाहेर काय घडून गेले ते त्यांना संध्याकाळी कळते. या दोन्हींच्या मधला मार्ग आहे. त्यासाठी एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते : त्या दिवसाची शांतता दिवसभर पुरत नाही. बर्फ पडत असताना आणि थांबल्यानंतर थोडा वेळच ती असते. नंतर रस्त्यावरचा बर्फ ढकलणारे नगरपालिकेचे प्लाऊ, बर्फ उडवून बाजूला टाकणारे शेजाऱ्यांचे स्नो ब्लोअर आणि आपले स्वतःचे फावडे यांचे राज्य सुरू होते. म्हणून त्या दिवसाचे वेळापत्रक कार्यालयाच्या घड्याळावर न बेतता हिमवृष्टीच्या घड्याळावर बेतावे.

ही शांतता केवळ वाहने कमी असल्यामुळे नसते. ताज्या, भुरभुरीत बर्फाच्या थरात कणांच्या मध्ये पुष्कळ हवा अडकलेली असते आणि अशा सच्छिद्र थरात ध्वनी शोषला जातो, त्यामुळे एरवी रूट नऊ या महामार्गावरून येणारी वाहनांची अखंड घरघर त्या दिवशी ऐकूच येत नाही. हाच बर्फ दिवसभरात दबला, वितळला आणि पुन्हा गोठून कडक झाला, की त्याचा पृष्ठभाग ध्वनी परत फेकू लागतो. एकाग्रतेचे काम उद्यावर टाकू नये, कारण उद्याही अंगणात तेवढाच बर्फ असला तरी आजची शांतता नसेल.

आदल्या संध्याकाळी काय पाहावे

हवामानाचा अंदाज वाचताना बहुतेकांचे लक्ष फक्त किती इंच पडणार या आकड्याकडे असते. आपल्या कामाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी आहेत : बर्फ कधी सुरू होऊन कधी थांबणार, आणि त्या वेळी तापमान किती असणार. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या संकेतस्थळावर आपल्या गावाचा तासागणिक आलेख विनामूल्य मिळतो. दूरचित्रवाणीवरच्या उत्साही निवेदकापेक्षा तो आलेख अधिक उपयोगी, असे माझे मत आहे. तापमान शून्य अंश सेल्सियसच्या, म्हणजे ३२ अंश फॅरनहाइटच्या आसपास असेल, तर बर्फ ओला आणि जड पडतो, झाडांच्या फांद्यांना आणि विजेच्या तारांना चिकटून बसतो आणि वीज जाण्याची शक्यता वाढते. तेच तापमान २० अंश फॅरनहाइट किंवा त्याखाली असेल, तर बर्फ कोरडा आणि हलका असतो. तो काढायलाही सोपा जातो, मात्र वारा असेल तर काढलेल्या जागी पुन्हा येऊन बसतो. न्यू इंग्लंडमधली, म्हणजे बॉस्टनसह अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातली मोठी हिमवादळे अटलांटिकच्या किनाऱ्याला समांतर सरकणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यामुळे येतात. त्या वेळी समुद्रावरून येणारी हवा तुलनेने उबदार असल्यामुळे बॉस्टन बंदराजवळ पाऊस आणि तीस मैल आत वुस्टरच्या दिशेला फूटभर बर्फ, असा प्रकार नेहमी होतो. तेव्हा शहराचा अंदाज न पाहता आपल्या गावाचाच पाहावा.

वेळ कळली, की दुसऱ्या दिवसाची आखणी जवळपास आपोआप होते. समजा, बर्फ पहाटे तीनला सुरू होऊन दुपारी दोनला थांबणार आहे. मग सकाळी नऊ ते एक हे चार तास खऱ्या शांततेचे; त्यात लेखन, हिशेब, आराखडा, किचकट कोड असे जे काही एकटाकी करण्याचे काम असेल ते ठेवावे आणि कॅलेंडरमध्ये ते तास आदल्या संध्याकाळीच अडवून टाकावेत. ज्यांचे सहकारी पुण्यात किंवा बंगळुरूत आहेत, त्यांना सकाळच्या बैठका टाळता येत नाहीत, कारण हिवाळ्यात भारत आणि बॉस्टन यांच्यात साडेदहा तासांचे अंतर असते आणि इकडचे सकाळचे साडेआठ म्हणजे तिकडचे संध्याकाळचे सात. त्यांनी आठ ते नऊ हा तास भारताला द्यावा आणि उरलेल्या बैठका दुपारी दोननंतर ढकलाव्यात. नाहीतरी तेव्हा बाहेर स्नो ब्लोअर घरघरू लागलेले असतात आणि एकाग्रता होणार नसतेच.

बाकीची तयारी थोडक्यात सांगता येते. लॅपटॉप, फोन आणि पॉवर बँक चार्ज करून ठेवावेत, दुसऱ्या दिवशी लागणाऱ्या फाइल लॅपटॉपवर उतरवून घ्याव्यात, फोनचा हॉटस्पॉट चालतो आहे हे एकदा पाहून घ्यावे. घर तेलावर तापत असेल, तर टाकीचा काटा पाव टाकीच्या खाली गेलेला नाही ना, हे वादळाच्या दोन-तीन दिवस आधीच पाहावे, कारण वादळाच्या दिवशी तेलाची गाडी येत नाही. गाडी रस्त्यावर लावत असाल, तर ती रात्रीच आत घ्यावी. अनेक गावांत हिवाळ्यात रात्री रस्त्यावर गाडी लावण्यास बंदी असते आणि बॉस्टनमध्ये बर्फाची आणीबाणी जाहीर झाली, की मुख्य रस्त्यांवरच्या गाड्या उचलून नेतात. फावडे गॅरेजच्या कोपऱ्यात न ठेवता दाराशी ठेवावे.

दूध आणि पाव यांसाठी दुकानात उडणारी झुंबड पाहून नव्याने आलेल्या माणसाला हसू येते. त्या सवयीमागे १९७८ सालच्या फेब्रुवारीतल्या वादळाची आठवण आहे, असे इथले जुने लोक सांगतात. त्या वेळी बॉस्टनमध्ये २७.१ इंच बर्फ पडला, रूट १२८ या महामार्गावर हजारो गाड्या अडकून पडल्या आणि शहराचे व्यवहार कित्येक दिवस बंद राहिले. आताचे अंदाज आणि यंत्रसामग्री पाहता एका दिवसासाठी इतके घाबरण्याचे कारण नाही. ज्या घरात तांदूळ, मुगाची डाळ, कांदे-बटाटे आणि शेंगदाणे आहेत, त्या घराने त्या रांगेत उभे राहू नये.

सकाळचा पहिला अर्धा तास

लॅपटॉप उघडण्यापूर्वी एकदा घराभोवती फिरून यावे. घर तापवणाऱ्या नव्या पद्धतीच्या गॅस फर्नेसचे हवा घेणारे आणि धूर सोडणारे पांढरे प्लॅस्टिकचे नळ बऱ्याच घरांत भिंतीतून जमिनीपासून जेमतेम फूट-दोन फुटांवर बाहेर काढलेले असतात. वाऱ्याने साचलेल्या बर्फात ते बुजले, तर फर्नेस बंद पडते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, कार्बन मोनॉक्साइड घरात येतो. या वायूला रंग नाही आणि वासही नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये, म्हणजे बॉस्टन ज्या राज्यात आहे तिथे, बर्फाने बुजलेल्या अशाच एका नळामुळे २००५ साली एका लहान मुलीचा जीव गेल्यानंतर कायदा झाला आणि २००६ पासून घरांत या वायूचा इशारा देणारे यंत्र बसवणे बंधनकारक झाले. तेव्हा नळाभोवतीचा बर्फ हाताने किंवा लहान फावड्याने हलकेच काढावा. वादळ जोरात असेल, तर दुपारीही पुन्हा पाहावे. कपडे वाळवण्याच्या यंत्राची जाळीही त्याच फेरीत मोकळी करावी. गाडी सुरू करायची असेल, तर आधी तिच्या धुराच्या नळीभोवतीचा बर्फ काढावा आणि गॅरेजचे दार उघडे असले, तरी आत गाडी चालू ठेवून उभे राहू नये.

मग पहिले फावडे. सगळा बर्फ पडून गेल्यावर एकदाच काढू, हा विचार सोयीचा वाटतो, पण हिशेब करून पाहावा. दोन गाड्या मावतील एवढ्या, सुमारे ७५ चौरस मीटरच्या ड्राइव्हवेवर, म्हणजे घरापासून रस्त्यापर्यंतच्या गाडीवाटेवर, सहा इंच बर्फ पडला, तर साधारण दहा इंच बर्फातून एक इंच पाणी होते हे प्रमाण धरून त्याचे वजन एक टनाहून अधिक भरते, आणि ओल्या बर्फाचे त्याच्या दुपटीच्या आसपास. हे वजन एका दमात उचलण्यापेक्षा तीन-चार इंच साचले, की एक फेरी मारावी. सकाळी कामापूर्वी वीस मिनिटे, जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटे आणि थांबल्यानंतर शेवटची फेरी, अशी विभागणी केली, तर ते ओझे न राहता खुर्चीतून उठण्याचे निमित्त होते आणि उरलेला दिवस त्याच्या काळजीत जात नाही.

फावडे वापरताना शक्य तेवढा बर्फ उचलू नये, ढकलावा. उचलावाच लागला, तर फावडे अर्धेच भरावे, गुडघ्यांत वाकावे आणि कंबर पिळून बर्फ मागे टाकण्याऐवजी पाय वळवून बाजूला टाकावा. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि त्यातच जड श्रम केल्याने हृदयावर एकाएकी ताण येतो. वर्षभर खुर्चीत बसणाऱ्या, चाळिशी उलटलेल्या माणसाने हे गमतीवारी नेऊ नये. छातीत दुखले किंवा धाप लागली, तर फावडे तिथेच टाकून आत यावे आणि मदत बोलवावी. रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी पाचपन्नास डॉलर देऊन दुसऱ्याकडून काम करून घेण्यात कमीपणा मानू नये. आणखी एक युक्ती इथल्या शेजाऱ्यांकडून शिकण्यासारखी आहे. रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले असता ड्राइव्हवेच्या तोंडाजवळचा बर्फ उजव्या बाजूला टाकावा. इथे वाहने उजवीकडून चालत असल्याने प्लाऊ आपल्या डावीकडून येऊन उजवीकडे जातो. डावीकडे टाकलेला ढीग तो जाता जाता आपल्याच दारात आणून ठेवतो.

सार्वजनिक पदपथ आपल्या घरासमोरून जात असेल, तर तो मोकळा करण्याची जबाबदारी बऱ्याच ठिकाणी घरमालकाची असते. बॉस्टन शहरात बर्फ थांबल्यापासून तीन तासांत आणि रात्री पडला असेल तर सूर्योदयानंतर तीन तासांत किमान ४२ इंच रुंदीची वाट करून द्यावी लागते. चाकाची खुर्ची आणि बाबागाडी जाऊ शकेल एवढी ती असावी, हा त्यामागचा हेतू. उपनगरांचे नियम गावागणिक वेगळे आहेत, ते एकदा पाहून ठेवावेत.

बसण्याची जागा, उजेड आणि हवा

ढगाळ हिमवृष्टीच्या दिवशी घरात येणारा उजेड वर्षभरात सर्वांत चांगला असतो, असे मला वाटते. ताजा बर्फ त्याच्यावर पडलेल्या प्रकाशाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग परत फेकतो, त्यामुळे आकाश राखाडी असूनही खोली खालून, अंगणाच्या बाजूने उजळते आणि कशाचीही ठळक सावली पडत नाही. याचा लाभ घ्यायचा, तर मेज खिडकीला काटकोनात ठेवावे, म्हणजे खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला येते. खिडकीकडे पाठ केली, तर पडद्यावर चकाकी येते आणि व्हिडिओ बैठकीत आपला चेहरा काळा दिसतो. अगदी तोंड करून बसले, तर डोळे सतत बाहेरचा पांढरा आणि पडद्याचा उजेड यांच्यात जुळवून घेत थकतात. बर्फ थांबून ऊन पडले, की मात्र ही चकाकी सोसवत नाही; तेव्हा पातळ पडदा ओढावा. खिडकीजवळ बसण्याचा खरा फायदा असा, की दर वीसेक मिनिटांनी मान वर केली तर नजर दूरच्या झाडांवर जाते आणि डोळ्यांना जी विश्रांती एरवी आठवणीने द्यावी लागते, ती फुकट मिळते.

हवेचा कोरडेपणा हा या दिवसाचा छुपा शत्रू आहे. उणे १० अंश सेल्सियसच्या हवेत बाष्प मुळातच अत्यल्प असते. तीच हवा घरात येऊन २० अंशांपर्यंत तापली, की तिची सापेक्ष आर्द्रता १२ टक्क्यांच्या आसपास उतरते. ओठ फुटणे, घसा सुकणे, दुपारी डोके जड होणे आणि दाराच्या मुठीला हात लावताच चटका बसणे, हे सगळे त्यातून येते. थर्मोस्टॅट ६८ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे २० अंश सेल्सियसच्या वर फार चढवू नये, कारण घर जितके तापवावे तितके ते कोरडे होते. त्याऐवजी लोकरी मोजे, स्वेटर आणि मांडीवर गोधडी घ्यावी. आर्द्रता वाढवणारे यंत्र असेल, तर ३० ते ४० टक्क्यांवर थांबावे. त्यापलीकडे गेल्यास बाष्प थंड काचेवर गोठते आणि खिडकीची लाकडी चौकट कुजते. साधे पाणी मात्र आठवणीने पीत राहावे, कारण थंडीत तहान कळत नाही. या तापमानाला बाटलीतले खोबरेल तेल घट्ट गोठलेले असते. ते रुंद तोंडाच्या बरणीत काढून मेजावर ठेवले, तर हातांना लावणे होते.

शांततेचे तास

आता मुख्य भाग. आधी अडवून ठेवलेल्या त्या तीन-चार तासांत फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि सहकाऱ्यांना आपण कधी उपलब्ध असू हे एका ओळीत कळवावे. या वेळात बर्फाचे चित्रीकरण करून ते नातेवाइकांच्या गटावर पाठवू नये, हा माझा आग्रह आहे. भारतात तेव्हा संध्याकाळ असते, सगळे फोन हातात घेऊन बसलेले असतात आणि "बापरे", "काळजी घ्या", "गाडी कुठे आहे?" अशी उत्तरे पुढचा तासभर येत राहतात. ते चित्रीकरण दुपारी पाठवावे. तिकडे मध्यरात्र असते आणि उत्तरे दुसऱ्या दिवशी सावकाश येतात.

काम एकच निवडावे आणि ते मोठे निवडावे. हिमवृष्टीच्या दिवशी इनबॉक्स रिकामा करत बसणे म्हणजे त्या दिवसाची नासाडी आहे. रोजच्या कार्यालयात ज्याला सलग तासभर मिळत नाही, असा अहवाल, प्रबंधाचे प्रकरण किंवा रेंगाळलेला प्रस्ताव याच वेळी हातात घ्यावा. पन्नास-साठ मिनिटांनी उठावे, खिडकीशी उभे राहावे आणि खरोखर बाहेर पाहावे. तापमान शून्याजवळ असेल, तर एकमेकांना चिकटलेल्या कणांचे मोठे, जड पुंजके सरळ खाली येताना दिसतात. कडक थंडीत तेच बारीक आणि कोरडे होऊन तिरपे उडत असतात. दिवसभरात पुंजके बारीक होत गेले, तर थंडी वाढते आहे असे समजावे. त्यांत मध्येच टपटप किंवा खडखड ऐकू आली, तर वर कुठेतरी उबदार हवेचा थर शिरला आहे, बर्फाचे पाणी होऊन ते वाटेत पुन्हा गोठते आहे आणि दुपारचे फावडे जड जाणार आहे. गडद रंगाच्या लोकरी हातमोज्यावर दोन-चार कण दाराबाहेर धरून पाहावेत. मोजा आधीच थंड केलेला असेल, तर सहा बाजूंची नक्षी काही क्षण टिकते. ही पाच मिनिटे कामचुकारपणाची नव्हेत. त्यांमुळे पुढचा तास चांगला जातो.

मुले घरी असतील, तर हे सारे थोडे सैल करावे लागते. मॅसॅच्युसेट्समध्ये शाळेचे १८० दिवस भरावेच लागतात, त्यामुळे बर्फाच्या सुट्टीची परतफेड जूनमध्ये होते. मुलांना हे पक्के ठाऊक असते, तरी आनंद कमी होत नाही. दोन्ही पालक घरी असतील, तर सकाळ एकाची आणि दुपार दुसऱ्याची अशी स्पष्ट वाटणी करावी. दोघांनी मिळून अर्धवट लक्ष ठेवणे हा सर्वांत दमवणारा पर्याय असतो. एकटेच असाल, तर मुलांना सकाळी पहिल्या फावड्याच्या वेळी बरोबर बाहेर न्यावे, भरपूर लोळू द्यावे. नंतरचे दोन तास ती स्वतःहून शांत बसतात. बर्फ रचण्यासाठी ओला असलेला बरा, घसरण्यासाठी कोरडा. एवढे सांगितले, की पुढचे त्यांना कळते.

चुलीवर काय असावे

घरून काम करणाऱ्याचा स्वयंपाक स्वतःहून शिजत राहणारा असावा. सकाळी चहाबरोबरच कडधान्य किंवा हरभऱ्याची डाळ गरम पाण्यात टाकावी आणि कुकर बैठकीच्या आधी किंवा नंतर लावावा. ऐन सादरीकरणात तिसरी शिट्टी झाली, की समोरच्यांना आगीची घंटा वाजल्यासारखे वाटते, हा अनुभव अनेक मराठी घरांनी घेतला आहे. दुपारी मुगाची खिचडी, वर तूप, भाजलेला पापड आणि ताकाची कढी, एवढे पुरते. पोट जड करणारे जेवण टाळावे, कारण दुपारच्या अंधुक उजेडात झोप अनावर होते.

कांदाभजी पावसात शोभतात, बर्फात नव्हेत. इथे खिडक्या उघडता येत नाहीत, तळणाचा वास लोकरी कोटांत आठवडाभर बसतो आणि धुराची घंटा वाजते ती वेगळीच. तीच हौस थालीपिठावर भागवावी. भाजणी नसेल, तर ज्वारी, बेसन आणि कणीक मिसळून त्यात कांदा-कोथिंबीर घालावी; झाकण ठेवून मंद आचेवर भाजले, तर धूर होत नाही. संध्याकाळी बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि कुळथाचे पिठले करता आले, तर थंडीला त्याहून चांगले उत्तर नाही. मात्र बाजरीचे पीठ लवकर कडू होते. दुकानातल्या पिशवीवरची तारीख पाहून घ्यावे, घरी आणल्यावर फ्रीजरमध्ये ठेवावे आणि भाकरीपुरतेच बाहेर काढून कढत पाण्यात मळावे.

या दिवसात दही लागत नाही, अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. कोमट दुधाला विरजण लावून भांडे बंद ओव्हनमध्ये ठेवावे आणि आतला फक्त दिवा चालू ठेवावा; त्या दिव्याच्या उबेत सकाळी लावलेले दही संध्याकाळपर्यंत घट्ट लागते, इडलीचे पीठही असेच फुगते. ओव्हनच्या बटणावर चिठ्ठी चिकटवावी, नाहीतर घरातले कोणीतरी न पाहता ओव्हन तापवायला लावते. मकरसंक्रांत जानेवारीच्या मध्यावर येत असल्याने तीळ भाजण्याचे आणि लाडू वळण्याचे काम अशा दिवशी काढणे सोयीचे; तीळ भाजायला दहा मिनिटे लागतात, ती दोन बैठकांच्या मधल्या वेळात बसतात. गुळाचा पाक मात्र काम संपल्यावरच करावा, कारण त्याला अर्धवट लक्ष चालत नाही.

वीज गेली तर

ओल्या बर्फाच्या दिवशी ही शक्यता धरूनच चालावे. गॅस किंवा तेलाचे घर असले, तरी फर्नेस आणि बॉयलर यांना चालायला वीज लागते, तेव्हा घर हळूहळू थंड होऊ लागते. एका खोलीत सगळ्यांनी जमावे, दारे लावावीत, पडदे ओढावेत. गॅसच्या शेगडीच्या वरच्या बर्नरला बहुधा काडी लावून पेटवता येते; त्यावर चहा आणि खिचडी करावी, पण शेगडीने किंवा कोळशाच्या ग्रिलने खोली कधीही तापवू नये. जनरेटर असेल, तर तो घरापासून किमान २० फूट दूर, उघड्यावर आणि खिडक्यांकडे धूर येणार नाही असा ठेवावा. बाहेर २० अंश फॅरनहाइटखाली तापमान असेल, तर बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकचे कपाट उघडे ठेवून नळ बारीक धारेने चालू ठेवावा, म्हणजे आतला पाइप गोठून फुटत नाही. लॅपटॉपची बॅटरी लेखनासाठी राखावी आणि बैठकांना फोनवरून केवळ आवाजाने हजर राहावे. मेणबत्त्यांपेक्षा बॅटरीचे दिवे बरे.

उजेड असताना बाहेर पडावे

बॉस्टनमध्ये डिसेंबरात सूर्यास्त सव्वाचारच्या सुमारास होतो, जानेवारीच्या मध्यावर साडेचारनंतर. पाचला काम संपवून फिरायला जाऊ असे म्हणणाऱ्याला काळोखच मिळतो. म्हणून बर्फ थांबला असेल, तर तीनच्या सुमाराची बैठक फोनवर घ्यावी, ऐकण्यापुरतीच असेल तर चालता चालता ऐकावी, किंवा सरळ अर्ध्या तासाची सुट्टी टाकून निघावे. कपडे थरांचे असावेत : आत घाम अंगावर न ठेवता बाहेर सोडणारा थर, मध्ये लोकर, बाहेर वारा अडवणारा कोट. सुती कपडा ओला झाला, की ऊब राहत नाही. रस्त्याच्या कडेने चालू नये, कारण बर्फाच्या ढिगांमुळे रस्ता अरुंद झालेला असतो आणि प्लाऊच्या चालकाला माणूस उशिरा दिसतो. जवळच्या राखीव जंगलातली किंवा तळ्याकाठची वाट धरावी, पण तळे गोठले आहे असे वाटले, तरी त्याच्यावर पाऊल टाकू नये. ताज्या बर्फाखाली थर किती जाड आहे ते दिसत नाही, उलट बर्फाचे पांघरूण खालच्या पाण्याची ऊब राखून ठेवते.

काम पाच-साडेपाचला बंद करावे आणि लॅपटॉप मिटून नजरेआड ठेवावा, कारण घरून काम करताना दिवस संपल्याची खूण आपल्यालाच करावी लागते. त्यानंतर जेवणाआधी शेवटची फेरी मारावी. दिवसभरात प्लाऊने ड्राइव्हवेच्या तोंडाशी जो बांध घातलेला असतो, तो रस्त्यावरच्या दबलेल्या, मिठाने ओल्या झालेल्या बर्फाचा असतो; रात्री तापमान उतरले, की तो दगडासारखा होतो आणि सकाळी फावड्याला दाद देत नाही. तो त्याच रात्री, वरून थोडा थोडा कापत काढावा. पायऱ्यांवर साधे मीठ टाकायचे, तर तापमान १५ अंश फॅरनहाइटच्या वर असावे. त्याखाली ते फारसे काम करत नाही. तेव्हा कॅल्शियम क्लोराइड वापरावे, किंवा पायाला पकड मिळावी म्हणून नुसती वाळू पसरावी. कुत्रा असेल, तर फिरून आल्यावर त्याचे पंजे कोमट पाण्याने पुसावेत. दुसऱ्या दिवशी कार्यालयात जायचे असेल, तर गाडीच्या काचांबरोबर टपावरचा बर्फही रात्रीच झाडून टाकावा, वायपर उभे करून ठेवावेत आणि सकाळचा गजर वीस मिनिटे अलीकडे घ्यावा.